टायमिंग सगळ्यात शेवटी

मलकापूरहून मोताळ्यामार्गे बुलढाण्याकडे निघालेली जुनी पेट्रोल जीप किंवा ॲम्बॅसडर राजूर घाटाच्या चढाला लागली, की तिच्या इंजिनाची खरी तब्येत कळते. गाडीत माणसं भरलेली, गिअर वरचा, पाय पॅडलवर पूर्ण दाबलेला, आणि नेमक्या अशा वेळी हेडच्या आतून बारीक टणटण ऐकू यायला लागते. गॅरेजमध्ये याचं निदान बोनेट उघडण्याआधीच झालेलं असतं: टायमिंग पुढे गेलंय. डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे गॅरेजच्या बोलीत डेल्कोचा, क्लॅम्प ढिला होतो, डेल्को जरासा फिरतो, बोल्ट पुन्हा आवळला जातो. पुढच्या चढाला आवाज येत नाही. गिऱ्हाईक खूश, मेकॅनिकही मोकळा. तापाची गोळी देऊन मलेरिया बरा झाला म्हणावं, तसलाच हा प्रकार. जुन्या पेट्रोल इंजिनात संशय सगळ्यात आधी टायमिंगवर येतो. हात मात्र टायमिंगला सगळ्यात शेवटी लावायला हवा, असं या पुस्तकाचं म्हणणं आहे. म्हणणं साधं आहे, पण ते पटायचं तर इंजिनाच्या आत काय घडतं, टायमिंगची जबाबदारी शंभर वर्षांत कोणाकडून कोणाकडे गेली, आज पंपावर काय मिळतं आणि या जिल्ह्याचे रस्ते व उन्हाळा कसा आहे, हे सगळं एकत्र पाहावं लागतं.

सुरुवात आतल्या घडामोडीपासून करू. ठिणगी पडली की सिलिंडरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण एकदम भडकतं, असा समज असतो. तसं होत नाही. ज्वाला प्लगच्या टोकाशी जन्मते आणि तिथून पसरत जाते. या पसरण्याला काही मिलिसेकंद लागतात. इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांवर असेल तर एका मिलिसेकंदात क्रँक सहा अंश फिरतो. तीन हजार फेऱ्यांवर तेवढ्याच वेळात अठरा अंश. पिस्टन वरच्या टोकाला, म्हणजे टीडीसीला, पोहोचून साधारण बारा ते पंधरा अंश खाली उतरलेला असताना जळणाचा दाब सर्वांत जास्त असेल, तर त्या दाबातून जास्तीत जास्त काम मिळतं. म्हणून ठिणगी पिस्टन वर येत असतानाच, टीडीसीच्या आधी पाडावी लागते. किती आधी, हे वेगावर आणि ओझ्यावर ठरतं; या वेळेलाच टायमिंग म्हणतात, लवकर म्हणजे पुढे आणि उशिरा म्हणजे मागे. वेग वाढला की ठिणगी आणखी आधी हवी, कारण ज्वालेला तेवढाच वेळ हवा आणि क्रँक मात्र थांबत नाही. पॅडल पूर्ण दाबलेलं असेल तर सिलिंडर मिश्रणानं गच्च भरतो, जळण वेगानं होतं आणि ठिणगी थोडी उशिरा चालते; सपाट रस्त्यावर अर्ध्या पॅडलवर मिश्रण विरळ, जळण संथ, म्हणून ठिणगी लवकर. ठिणगीला उशीर झाला तर उष्णता कामाऐवजी एक्झॉस्टमध्ये जाते, मॅनिफोल्ड तापतो, रेडिएटर उकळतो, गाडी ओढत नाही. ठिणगी फार लवकर पडली तर पिस्टन वर येत असतानाच दाब चढतो, कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण स्वतःहून पेटतं आणि ती टणटण सुरू होते. हँडल मारून गाडी चालू करण्याच्या काळात याच लवकर पडलेल्या ठिणगीनं उलट झटका बसून मनगटं मोडत.

ही वेळ कोणी ठरवायची, याचा इतिहास म्हणजे एका जबाबदारीच्या हस्तांतराचा इतिहास आहे. १८६०मध्ये लेन्वारच्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी होती. १८८६च्या बेन्झच्या गाडीतही होती. त्याच काळात डाइमलरनं तापवलेल्या नळीनं मिश्रण पेटवलं, आणि त्यात वेळ ठरवायची सोय जवळपास नव्हती. रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनॉल्डनं १९०२च्या सुमारास उच्चदाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला स्पार्क प्लग तयार केला, तेव्हा कुठे ठिणगी भरवशाची झाली. पण ती कधी पाडायची हे चालकाच्याच हातात राहिलं. १९०८पासून १९२७पर्यंत बनलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला एक दांडी असे. चालू करताना ठिणगी मागे घ्यायची, वेग धरला की पुढे न्यायची, चढाला पुन्हा थोडी मागे. गाडी चालवणारा प्रत्येक माणूस त्या अर्थानं टायमिंगचा कारागीर होता. चार्ल्स केटरिंगनं कॅडिलॅकसाठी १९१०च्या सुमारास दिलेली व्यवस्था म्हणजे बॅटरी, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर आणि डिस्ट्रिब्युटर. आपल्या जुन्या गाड्यांत आजही हीच व्यवस्था आहे. पुढे डिस्ट्रिब्युटरच्या पोटात फिरत्या वजनांचा सेंट्रिफ्यूगल ॲडव्हान्स आला, मग कार्बोरेटरच्या ओढीवर चालणारा व्हॅक्यूम ॲडव्हान्स आला, आणि स्टिअरिंगवरची दांडी गेली. चालकाच्या हाताऐवजी दोन स्प्रिंगा, दोन वजनं आणि एक रबरी पडदा काम करू लागले. १९७३मध्ये क्रायस्लरनं आपल्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन सरसकट दिलं. त्यानंतर ही जबाबदारी हळूहळू संगणकाकडे गेली आणि टायमिंग लावणं हे काम गॅरेजमधून जवळपास संपलं. आपल्याला ज्या गाड्यांशी कर्तव्य आहे त्या मधल्या टप्प्यातल्या. त्यांत चालकाला दांडी नाही आणि सांभाळून घेणारा संगणकही नाही. स्प्रिंग थकली तर ते कोणालाच कळत नाही, इतक्या त्या गाड्या मुक्या आहेत.

महाराष्ट्राचा या टप्प्याशी संबंध जवळचा आहे. जनरल मोटर्सनं १९२८मध्ये मुंबईत गाड्यांची जोडणी सुरू केली होती. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्यात १९४७पासून आधी अमेरिकी गाड्या जोडल्या आणि पुढे १९५४पासून फियाट ११०० आणली. तिचंच रूप सत्तरीच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झालं. महिंद्रांनी चाळीशीच्या दशकाअखेर माझगावला विलीस जीप उभी करायला घेतली. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याहून हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बॅसडर १९५७पासून आली आणि २०१४पर्यंत येत राहिली. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात या तिन्ही गाड्यांच्या वाट्याला वेगवेगळी कामं आली. पांढरी ॲम्बॅसडर सरकारी कचेरीच्या दारात, फियाट खामगाव-मलकापूरच्या कापूस व्यापाऱ्यांकडे आणि डॉक्टरांकडे, आणि जीप सगळीकडे, विशेषतः जिथे डांबर संपतं तिथे. तिन्हींची इंजिनं वेगळी असली तरी चार सिलिंडर आणि १-३-४-२ हा फायरिंग ऑर्डर समान, त्यामुळे एका गाडीवर शिकलेला हात दुसरीवर सहज बसला. नंतर डिझेल स्वस्त म्हणून असंख्य जीपमधली पेट्रोल इंजिनं उतरवली गेली आणि त्यांच्या जागी डिझेल बसली. महिंद्रांनी प्यूजोच्या परवान्यावर बनवलेलं डिझेल इंजिन त्यांतलं सर्वांत ओळखीचं. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी सीएनजीवर गेल्या. सीएनजी पेट्रोलपेक्षा संथ जळतो आणि सहजी ठोकत नाही, म्हणून त्या गाड्यांचं टायमिंग बरंच पुढे ठेवावं लागे. त्यांतली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. हे सांगायचं कारण असं, की आज जी जुनी गाडी खरेदी करून कोणी दुरुस्तीला आणतो, तिच्या डेल्कोवर आधीच्या कुठल्या इंधनाचे, कुठल्या शहराचे आणि कुणाच्या हाताचे संस्कार आहेत हे माहीत नसतं. मूळ इंजिन, मूळ पुली, मूळ डेल्को असं त्रिकूट एकत्र सापडणं आता दुर्मीळ आहे.

टायमिंग लावण्याच्या तीन पद्धती, खरं तर तीन घराणी, आपल्याकडे नांदत आली. पहिलं घराणं दिव्याचं: इंजिन बंद, पुलीची खूण ठरलेल्या अंशावर आणलेली, कॉइलच्या डेल्कोकडे जाणाऱ्या टोकापासून बॉडीपर्यंत बारा व्होल्टचा छोटा बल्ब जोडलेला. डेल्को सावकाश फिरवायचा. पॉइंट उघडले की बल्ब लागतो, तीच ठिणगीची वेळ. खर्च जवळपास शून्य, पद्धत अचूक, पण थांबलेल्या इंजिनापुरतीच. दुसरं घराणं कानाचं: इंजिन चालू ठेवून डेल्को फिरवायचा, आवाज सर्वांत गुळगुळीत होईल तिथे थांबायचं, मग गाडी चढावर नेऊन टणटण ऐकायची आणि ती जेमतेम नाहीशी होईल इतकं मागे घ्यायचं. तिसरं घराणं टायमिंग लाइटचं: एक नंबर प्लगच्या वायरवर चिमटा लावला की प्रत्येक ठिणगीबरोबर झेनॉन दिवा चमकतो आणि फिरती पुली थांबलेली दिसते; खूण नेमक्या कोणत्या अंशावर आहे हे कोणत्याही वेगाला वाचता येतं. व्हॅक्यूम गेज वापरून इंजिनाची ओढ पाहणारी चौथी पद्धतही आहे. पण तिच्यावर एकटीवर विसंबू नये. मंद गतीला सर्वांत जास्त ओढ ज्या टायमिंगला मिळते, ते रस्त्यावर सहसा फारच पुढचं ठरतं.

कानाच्या घराण्याला कमी लेखण्याची फॅशन शिकलेल्या लोकांत आहे, आणि ती चुकीची आहे. पुस्तकी आकडा हा नव्या इंजिनाचा, ठराविक पेट्रोलचा आणि कारखान्यातल्या हवेचा. समोरच्या इंजिनाच्या पिस्टनवर किती कार्बन चढलाय, हेड किती वेळा घासून कॉम्प्रेशन वाढलंय, हे त्या आकड्याला ठाऊक नसतं, कानाला कळतं. टणटण ही शेवटी सिलिंडरमध्येच घडते, आणि ती घडतेय की नाही याची खातरजमा रस्त्यावरच होते. पण कानाचं घराणं एका प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही: टणटण का होतेय? कान परिणाम ऐकतो. कारण शोधायला दिवा आणि फिलर गेज लागतं. आणि टायमिंग लाइटचं घराणं उलट्या बाजूनं घसरतं. खूण पाच अंशावर दिसली की काम झालं असं ते मानतं, पण ती खूणच खोटी असली तर? म्हणून या पुस्तकात तिन्ही घराण्यांना जागा आहे, फक्त त्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी बल्ब, मग लाइट, आणि शेवटी राजूर घाट.

क्रमाला इतकं महत्त्व का, हे पॉइंटच्या एका उदाहरणावरून दिसेल. डेल्कोतले पॉइंट कॅमवर घासणाऱ्या फायबरच्या ठोकळ्यानं उघडतात. लुकास बनावटीच्या बहुतेक डेल्कोत पॉइंटमधलं अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात. मूळ विलीस जीपमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या जवळ. फायबर झिजत जातो तसं हे अंतर कमी होतं, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग आपोआप मागे सरकतं. काही महिन्यांत गाडी सुस्तावते. कोणीतरी डेल्को पुढे फिरवून तिला जाग आणतं. गाडी पळते. मग कधीतरी पॉइंट जळले म्हणून दुसऱ्या गॅरेजात नवीन बसतात, अंतर गेजनं बरोबर ठेवलं जातं, पण डेल्को तसाच राहतो. आता अंतर वाढल्यामुळे पॉइंट लवकर उघडतात, आणि आधी भरपाई म्हणून दिलेला ॲडव्हान्स वर जमा होतो. गाडी घाटात ठोकते. तिसरा मेकॅनिक डेल्को मागे घेतो आणि इथे तो योगायोगानं बरोबर असतो. पण काय घडलं हे त्याला कळलेलं नसतं, म्हणून फायबर पुन्हा झिजला की तोच फेरा सुरू होतो. तिघांपैकी कोणीही अडाणी नव्हतं. प्रत्येकानं आपापला भाग नीट केला. चुकला तो क्रम: पॉइंटला हात लागला की टायमिंग पुन्हा तपासायचं, आणि पॉइंट तपासल्याशिवाय टायमिंगला हात लावायचा नाही.

पॉइंटच्या मागे आणखी एक पायरी आहे. डेल्कोच्या शाफ्टचं बुश झिजलं असेल तर शाफ्ट डुलतो आणि चार सिलिंडरांसाठी पॉइंट चार वेगवेगळ्या अंतरांनी उघडतात. टायमिंग लाइटखाली पुलीची खूण एका जागी न थांबता नाचते. अशा डेल्कोवर टायमिंग लावणं निरर्थक आहे. एक सिलिंडर बरोबर केला की दुसरा चुकतो. टायमिंग चेन सैल असेल तरीही असंच होतं. त्याच्याही मागची पायरी म्हणजे खुणेचं खरेपण. पुली बदललेली असेल, कीवे झिजलेला असेल, रबरावर बसवलेल्या पुलीचं बाहेरचं कडं सरकलेलं असेल, किंवा टायमिंग कव्हर दुसऱ्या इंजिनाचं असेल, तर खूण टीडीसी दाखवते पण पिस्टन तिथे नसतो. खरा टीडीसी शोधायची रीत जुनी आणि सोपी आहे: एक नंबर प्लगच्या भोकात पिस्टनला अडवणारा स्टॉप बसवायचा, इंजिन हातानं एका बाजूला अडेपर्यंत फिरवून पुलीवर खूण करायची, मग उलट बाजूला अडेपर्यंत फिरवून दुसरी खूण; दोन्हींचा मध्य हाच टीडीसी. हे काम एकदाच करायचं असतं, पण अगदी चांगल्या कारागिरांच्या गॅरेजातही ते टाळलं जातं. विलीस घराण्याच्या जीपमध्ये आणखी एक सापळा आहे. तिथे डेल्को ऑइल पंपाच्या शाफ्टवरून फिरतो. पंप उतरवून पुन्हा बसवताना एक दात चुकला तर डेल्को क्लॅम्पच्या मर्यादेत कितीही फिरवला तरी टायमिंग जुळत नाही. मग प्लगच्या वायरी एक घर सरकवून काम भागवलं जातं, आणि पुढच्या माणसाला फायरिंग ऑर्डरच चुकलेला वाटतो.

सर्वांत दुर्लक्षित पायरी फिरत्या वजनांची. मंद गतीला खूण बरोबर असणं म्हणजे निम्मीच परीक्षा. वेग वाढल्यावर वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे नेतात. ती किती आणि कोणत्या वेगाला फेकली जायची हे दोन छोट्या स्प्रिंगा ठरवतात. त्यांतली एक तुटली म्हणून दुकानातली कुठलीही स्प्रिंग बसवली, तर ॲडव्हान्स दोन हजार फेऱ्यांऐवजी हजारालाच पूर्ण होऊन बसतो. मंद गतीला सगळं ठीक, घाटात टणटण. इथे डेल्को मागे फिरवला तर टणटण जाते, पण सपाटीवर आणि मोठ्या वेगाला इंजिन कायमचं मागे पडतं. सायलेन्सर लालसर होतो, पेट्रोल जास्त जातं, उन्हाळ्यात पाणी उकळतं. गिऱ्हाईक म्हणतो रेडिएटर साफ करा. रेडिएटर साफ होतो. उलट वजनं गंजून अडकलेली असली तर ॲडव्हान्स मिळतच नाही, आणि ती भरपाई मंद गतीला टायमिंग पुढे नेऊन केली जाते. मग सकाळी स्टार्टर उलटा झटका खातो. व्हॅक्यूमचा पडदा फाटला असेल तर तोंडानं नळी ओढून पाहिली तरी कळतं. टायमिंग लाइटनं अडीच हजार फेऱ्यांवर खूण वाचणं आणि व्हॅक्यूमची नळी काढून बंद करून वाचणं, या दोन गोष्टी ज्यानं केल्या नाहीत त्यानं टायमिंग लावलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सर्वांत मोठा आक्षेप. जुनी माणसं म्हणतील, हे सगळं खरं, पण दोष पेट्रोलचा आहे. पेट्रोल बदललं म्हणून इंजिनं ठोकतात. पेट्रोल बदललं हे खरंच आहे. मिजली नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं केटरिंगच्या प्रयोगशाळेत १९२१ साली शिशाचं संयुग घातलं की ठोकणं थांबतं हे शोधलं. ते शिसं आपल्या पेट्रोलमधून २०००मध्ये पूर्णपणे गेलं. त्याचा परिणाम मुख्यतः जुन्या गाड्यांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर होतो: सीट खचते, टॅपेटचं अंतर संपतं, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, आणि गाडी ओढत नाही म्हणून पुन्हा टायमिंगवरच आळ येतो. पण ऑक्टेन कमी झालेलं नाही, ते वाढलंय. एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या बीएस-६ पेट्रोलचं किमान ऑक्टेन ९१ ठरलेलं होतं, आणि २०२३पासून आलेल्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी मानक ९५ धरलं जातं. विलीसचं दुसऱ्या महायुद्धातलं इंजिन सत्तरच्या आतबाहेरच्या ऑक्टेनसाठी बनलं होतं. त्याचं कॉम्प्रेशन साडेसहाच्या जवळ आणि टायमिंग टीडीसीच्या आधी पाच अंश. ज्या इंजिनाला ६८ ऑक्टेनवर ठोकायला नको होतं, ते ९५ ऑक्टेनवर पाच अंशांना ठोकत असेल, तर पेट्रोलला दोष देणं तर्काला धरून नाही. कार्बन, वाढवलेलं कॉम्प्रेशन, चुकीची स्प्रिंग, खोटी खूण, तापलेलं इंजिन किंवा पातळ मिश्रण यांपैकी काहीतरी आहे, आणि ते शोधलं पाहिजे. या पुस्तकाच्या बाजूनं माझ्याकडे असलेला सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे.

पातळ मिश्रणाचा मुद्दा इथेनॉलमुळे जास्त महत्त्वाचा झाला आहे. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनानं जवळपास १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला नऊ पट. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला त्या मानानं कमी हवा पुरते. पण जुन्या कार्बोरेटरचा जेट जुन्या पेट्रोलसाठी कापलेला असतो, त्यामुळे सिलिंडरमध्ये जाणारं मिश्रण गरजेपेक्षा पातळ पडतं. पातळ मिश्रण संथ जळतं, गाडी हलकेच अडखळते, आणि मेकॅनिक टायमिंग पुढे नेतो. थोडा फरक पडतोही. पण इलाज जेटचा आहे, डेल्कोचा नाही. आणि जुने रबरी पाइप व डायफ्राम इथेनॉलनं फुगतात ते वेगळंच. उसाचं आणि मक्याचं इथेनॉल शेतकऱ्याला दोन पैसे देतं, म्हणून त्यावर तक्रार करत बसण्यात अर्थ नाही. जेट बदलावा, पाइप बदलावेत, आणि त्यानंतरच टायमिंगकडे वळावं.

जिल्ह्याचा भूगोल या सगळ्यात कुठे येतो? घाटाखालचे तालुके पूर्णेच्या खोऱ्यात, काळ्या जमिनीचे, मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश सहज गाठणारे. घाटावर बुलढाणा साडेसहाशे मीटरच्या आसपास. दोन्हींमधला फरक सुमारे चारशे मीटरचा. घाटावर हवा विरळ, म्हणून तिथे टायमिंग वेगळं हवं, असं म्हणणारे भेटतात. चारशे मीटरला हवेचा दाब चार-पाच टक्क्यांनी कमी होतो. तेवढ्यासाठी डेल्कोला हात लावू नये. उष्णता आणि चढावरचं ओझं यांचा परिणाम त्याहून मोठा आहे. शेगाव-खामगाव भागात दुपारी गाडी उभी केली आणि वीस मिनिटांनी ती चालू झाली नाही, तर तीन संशयित असतात: तापून ढिला पडलेला कंडेन्सर, तापलेली कॉइल, आणि पेट्रोलच्या नळीत बसलेली वाफ. इथेनॉलमिश्रित पेट्रोलची वाफ लवकर होते, त्यामुळे तिसरा संशयित आता पुढे आला आहे. यांतला एकही टायमिंगशी संबंधित नाही. गाडी थंड झाली की आपोआप चालू होते, तोवर कोणीतरी डेल्को फिरवलेला असतो, आणि श्रेय डेल्कोला मिळतं. गाडी थंड होऊ देणं हाच एक उपचार होता, हे सिद्ध करायला ओला कपडा पुरेसा आहे: तो इंजिनाच्या पेट्रोल पंपावर आणि नळीवर ठेवा, पाच मिनिटांत गाडी चालू झाली तर वाफ, नाही झाली तर दुसरा कंडेन्सर लावून पाहा. बोथा घाटाच्या उतारावर गाडी मिसिंग मारत असेल तर तो पुन्हा निराळा प्रश्न, बहुधा कार्बोरेटरचा.

दुसरा आक्षेप इलेक्ट्रॉनिक किटचा. पॉइंट आणि कंडेन्सर काढून डेल्कोत सेन्सर बसवणारी किट मिळतात. मग एवढी उठाठेव कशाला? किट चांगली असतात. फायबर झिजण्याचा फेरा त्यांनी संपतो, ठिणगी जोरदार पडते, पावसाळ्यात त्रास कमी होतो. पण झिजलेलं बुश, थकलेली स्प्रिंग, फाटलेला पडदा, खोटी खूण आणि ऑइल पंपाचा चुकलेला दात हे सगळं किटच्या खाली जसंच्या तसं राहतं. उलट पॉइंट गेल्यामुळे ते दिसायचं आणखी बंद होतं. बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत किट उलटं जोडलं तर ते जागीच जळतं, आणि रस्त्यात बिघडलं तर मेहकर किंवा लोणारला त्याचा सुटा भाग मिळण्याची शक्यता कमी. पुस्तक किटच्या विरोधात नाही. डेल्को निरोगी झाल्यावर किट बसवावं, एवढाच आग्रह आहे.

तिसरा आक्षेप मला जास्त अडचणीचा वाटतो: अशा गाड्या उरल्यात किती, आणि त्यांच्यासाठी पुस्तक का? संख्या कमी आहे हे मान्य. पण २०२१च्या दुरुस्त नियमांनी पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, नंबरप्लेटवर व्हीए अक्षरं आली, वीस हजार रुपये नोंदणी शुल्क आणि पाच हजार नूतनीकरणाचं ठरलं. त्या गाड्या रोजच्या वापराला चालवता येत नाहीत. प्रदर्शनाला, रॅलीला, इंधन भरायला आणि दुरुस्तीला मात्र नेता येतात. म्हणजे कायद्यानंच या गाड्यांना जगण्याची परवानगी दिली आणि दुरुस्तीला नेण्याची मुभाही. दुरुस्ती करणारा मात्र कायद्यानं निर्माण होत नाही. पॉइंटवर काम केलेली पिढी आता निवृत्तीच्या वयात आहे. तिच्याकडे जे आहे ते हाताच्या सवयीत आहे, लिहिलेलं नाही. आणि नव्या मुलांना स्कॅनर लावून कोड वाचायची सवय. ती सवय वाईट नाही, फक्त या गाड्यांना कोड नसतो. मला वाटतं, स्कॅनरवर वाढलेल्या मेकॅनिकला जुन्या गाडीचा सर्वांत मोठा उपयोग याच कामी होतो: लक्षणाकडून कारणाकडे जाताना प्रत्येक पायरी स्वतः मोजावी लागते.

पुस्तकाची रचना याच आग्रहातून आली आहे. इथे मॉडेलनुसार आकड्यांची जंत्री जेवढ्यास तेवढी आहे. भर आहे तो तपासणीच्या क्रमावर, आणि प्रत्येक पायरीनंतर काय दिसलं तर पुढे जायचं व काय दिसलं तर थांबायचं यावर. प्रत्येक गाडीसाठी एक पान भरायची सूचना आहे: पॉइंटचं अंतर, शोधलेला खरा टीडीसी, मंद गतीचे अंश, अडीच हजार फेऱ्यांवरचे अंश, जेटचा नंबर, पेट्रोल कुठल्या प्रकारचं, महिना कोणता आणि घाटात काय ऐकू आलं. पान गाडीत ठेवायचं, गॅरेजात नाही, कारण गाडी गॅरेज बदलते. लागणारी हत्यारं साधी आहेत: फिलर गेज, बारा व्होल्टचा बल्ब, टायमिंग लाइट, पिस्टन स्टॉप म्हणून जुन्या प्लगच्या कवचात बसवलेला बोल्ट, आणि खूण करायला पांढरा रंग. गाडीचा रंग, गादी, क्रोम, किंमत, कागदपत्रं यांबद्दल इथे एक ओळही नाही. ज्यांच्या जीपमध्ये आता डिझेल इंजिन आहे त्यांना खरा टीडीसी शोधण्याचं प्रकरण उपयोगी पडेल. पंपाचं टायमिंग हा निराळा विषय आहे आणि तो या पुस्तकात घेतलेला नाही.